माणशी एक फूट

मुंबईला ‘सेंट्रल पार्क’ मिळणार आहे. महालक्ष्मी रेसकोर्सच्या 211 एकरांपैकी 120 महापालिकेला, 91 घोड्यांना. त्यात कोस्टल रोडसाठी भराव घालून काढलेली जमीन जोडली की बेरीज तीनशेच्या घरात. रेसकोर्स आधीही मोकळाच होता, समुद्र तर त्याहून मोकळा; पण फीत कापल्याशिवाय आपल्याकडे मोकळी जागा मोकळी धरत नाहीत.

आता हिशेब. तीनशे एकर म्हणजे सुमारे 1 कोटी 30 लाख चौरस फूट. 2011च्या जनगणनेत मुंबईकर होते 1 कोटी 24 लाख. म्हणजे माणशी एक चौरस फूट, आणि तोही निव्वळ कार्पेट! दोन्ही पाय टेकायचा हट्ट नको. एका पायावर उभं राहण्याचा सराव विरार लोकलने करून घेतलेलाच आहे. जनगणनेनंतर आलेल्यांनी नातेवाइकांच्या खांद्यावर बसावं.

उद्यानाखाली वाहनतळाचीही योजना आहे. गाडीला तिथे माणसापेक्षा ऐसपैस जागा मिळेल. आणि घोडे? त्यांचा भाडेपट्टा 2013 साली संपला, तरी पुढची दहा वर्षं अख्ख्या 211 एकरांवर पळत होते. पागडीवाल्यांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी.