बॅकअप घेतलाय की!

बॅकअपवाला शेठ हा लहान-मोठ्या सर्व बाजारपेठांत बारमाही आढळणारा व्यापारी आहे. सांगलीच्या गणपती पेठेत तो किराणा-भुसाराचा घाऊक व्यापारी असतो, इचलकरंजीत कापडाचा, चिपळुणात हार्डवेअरचा, लातुरात डाळींचा. माल बदलतो, शेठ बदलत नाही. वय पन्नाशीच्या पुढे, धंदा वडिलोपार्जित. दुकानात एक कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर टॅली, टॅलीसमोर एक ऑपरेटर आणि तिच्या मागच्या भिंतीवर गणपती, लक्ष्मी आणि वडील अशा मानाच्या क्रमाने तसबिरी. इतर व्यापाऱ्यांतून त्याला ओळखण्याची खूण एकच. डेटाचा विषय निघाला की तो समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. ‘‘बॅकअप घेतलाय की!’’ म्हणतो आणि गल्ल्याकडे बोट दाखवतो.

हे उत्तर खोटं नसतं. शेठला बेफिकीर म्हणणारे त्याच्यावर अन्याय करतात. बेफिकीर व्यापारी निराळा. त्याला बॅकअप म्हणजे काय हेच ठाऊक नसतं आणि तो सुखाने झोपतो. शेठला ते ठाऊक असतं, त्यासाठी त्याने पैसे मोजलेले असतात आणि रोज संध्याकाळी तो त्याची न चुकता चौकशीही करतो. एवढ्या वर्षांत त्याने एकच गोष्ट केलेली नसते. घेतलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून तो चालतो का, हे पाहिलेलं नसतं. घेणं हे कर्तव्य, आणि उघडून पाहणं म्हणजे अविश्वास दाखवणं, अशी त्याची समजूत असावी.

बॅकअपचं मुख्य साधन म्हणजे पेनड्राइव्ह. तो 16 जीबीचा असतो, टोपण हरवलेला असतो आणि हरवू नये म्हणून त्याला पूजेतला लाल दोरा बांधलेला असतो. त्याचा मुक्काम गल्ल्यात, सुट्ट्या पैशांच्या कप्प्याशेजारी. शेजाराला रबरबँड, फाटक्या दहाच्या नोटा, स्टँप पॅड आणि टेम्पोची मुदत संपलेली पीयूसी. दिवाळीत वहीपूजनाला चोपडीबरोबर कीबोर्डला आणि पेनड्राइव्हलाही हळदकुंकू वाहिलं जातं. त्यातलं थोडं पेनड्राइव्हच्या तोंडात जाऊन बसतं आणि पाडव्यापासून तो कॉम्प्युटरला ‘दिसत नाही’. मग ऑपरेटर तो काढते, फुंकते, पदराला किंवा ओढणीला पुसते आणि पुन्हा लावते. आत टॅलीची एक फाइल, पुतण्याच्या लग्नाचे निम्मे फोटो, काकड आरती, तिघांची आधार कार्डं, ‘न्यू फोल्डर (2)’ आणि झेरॉक्सच्या दुकानातून आलेला एक व्हायरस अशी वस्ती असते. व्हायरस हा त्यातला सर्वांत जुना रहिवासी.

बॅकअपचा विधी रात्री आठ-साडेआठला होतो, शटर अर्धं खाली आल्यावर. ‘‘मॅडम, बॅकअप?’’ ‘‘घेतला, काका.’’ एवढ्या चार शब्दांत तो उरकतो, कारण मॅडमना माधवनगरची बस गाठायची असते. टॅलीचा बॅकअप घ्यायला खरोखरच मिनिटभर लागतं. प्रश्न त्या मिनिटात काय होतं हा आहे. शेठची टॅली जुनी, ईआरपी 9. तिच्यात बॅकअपची फाइल ‘टीबीके’ या अक्षरांनी सुरू होते, आणि त्याच जागी पुन्हा बॅकअप घेतला की आधीची फाइल पुसून तिथे नवी बसते. म्हणजे शेठकडे वर्षभराचे बॅकअप नसतात, कालचा एक असतो. मंगळवारी दुपारी लाइट गेली, डेटा करप्ट झाला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर मंगळवारी रात्री मॅडम तो बिघडलेला डेटा सोमवारच्या चांगल्या डेटावर इमानेइतबारे चढवतात. पेनड्राइव्ह दोन असते आणि वाराप्रमाणे आलटून-पालटून वापरले असते तर हे टळलं असतं. पण दुसरा पेनड्राइव्ह हा शेठच्या हिशेबी वायफळ खर्च असतो.

काही शेठ पेनड्राइव्हही वापरत नाहीत. त्यांचा बॅकअप ‘डी’ ड्राइव्हमध्ये असतो. सी आणि डी या एकाच घराच्या दोन खोल्या आहेत आणि भिंत कोसळली की दोन्हीकडे माती पडते, हे त्यांना हार्ड डिस्क उडाल्यावर हार्डवेअरवाला पोरगा समजावून सांगतो. काहींची ऑपरेटर स्वतःच्या मेलवर फाइल पाठवून ठेवते. ही पद्धत तिचं लग्न ठरेपर्यंत उत्तम चालते. हिशेबाचे प्रिंट काढून ठेवणाऱ्या शेठांची जमात आता विरळ झाली आहे, पण त्यांच्या कपाटात निदान वाचता येण्यासारखं काहीतरी सापडतं.

कायद्याने शेठकडून पुष्कळ अपेक्षा ठेवल्या आहेत आणि त्या त्याला कुणी सांगितलेल्या नाहीत. जीएसटीच्या कायद्यानुसार वहीखातं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावं लागतं. 2017 च्या केंद्रीय जीएसटी नियमांतला 57 वा नियम तर शेठला समोर बसवून लिहिल्यासारखा आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप असा ठेवावा की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी मुदतीत ती माहिती परत मिळावी, असा त्याचा आशय. बॅकअप घ्या म्हणून कायदा थांबत नाही, परत मिळाली पाहिजे म्हणतो. कंपन्यांना 2022 पासून हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे. शेठची कंपनी नसते, भागीदारी असते आणि भागीदार सख्खा भाऊ असतो, त्यामुळे ही कटकट वाचते.

शास्त्रातही फार काही अवघड नाही. आपत्तीनंतर धंदा पुन्हा उभा करण्याच्या आराखड्यात दोन प्रश्नांची उत्तरं आधी ठरवावी लागतात. किती दिवसांच्या नोंदी हाताने पुन्हा लिहायची तयारी आहे? आणि दुकान बिलाशिवाय किती दिवस चालेल? पहिल्याचं उत्तर ‘एक दिवस’ असेल तर बॅकअप रोज हवा. दुसऱ्याचं ‘दोन दिवस’ असेल तर पर्यायी मशीन, टॅलीचं लायसन्स आणि ते चढवणारा माणूस आधीच ठरलेला हवा. यापुढचा नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावावर आहे. डेटाच्या प्रती तीन, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. फोटोग्राफरने काढलेला नियम भुसाराच्या दुकानाला कशाला, असं शेठला वाटतं. गंमत अशी की हा नियम तो जन्मभर पाळत आलेला आहे. शटरच्या किल्ल्या तीन असतात. एक कमरेला, एक घरी देवघरात आणि एक मिरजेला मेहुण्याकडे. उधारी टॅलीत तर असतेच, शिवाय शेठच्या खिशातल्या छोट्या डायरीत त्याच्याच हस्ताक्षरात असते आणि मुनीम भाऊसाहेबांना तोंडपाठ असते. वर मार्च-ऑक्टोबर अशी वर्षातून दोनदा पडताळणीही होते. किल्ली आणि उधारी ही दौलत, डेटा हे मॅडमचं काम, एवढाच काय तो फरक.

आपत्तीतल्या किरकोळ प्रकारांत लाइट जाणं, यूपीएसची बॅटरी संपणं, उंदराने वायर कुरतडणं आणि नातवाने गेम टाकणं हे येतात. करप्ट डेटावर ऑपरेटर ‘रीराइट’ मारते, हार्डवेअरवाला पोरगा पाचशे रुपये घेतो आणि सगळं सुरळीत होतं. अशा प्रत्येक सुटकेने शेठची श्रद्धा वाढत जाते.

रॅन्समवेअर ही मधली पायरी. ‘बिल’ नावाची अटॅचमेंट उघडली जाते, सकाळी सगळ्या फाइलींची नावं बदललेली असतात आणि स्क्रीनवर इंग्रजीत बिटकॉइन मागितलेले असतात. शेठ ते वाचून ‘‘कोण आहे हा, कुठल्या गावचा?’’ असं विचारतो. बॅकअप आहेच, पण त्या रात्री पेनड्राइव्ह सोयीसाठी मशीनलाच राहिलेला असल्यामुळे त्याच्यावरच्या फाइलींनाही तेच कुलूप लागलेलं असतं. पाहुण्यांनी नातवांना दिलेली सीडी, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, सपोर्टवाल्याला दुरून मशीन उघडायला दिलेला पासवर्ड ही रॅन्समवेअरची नेहमीची दारं. मोठ्यांचंही याहून वेगळं झालं नव्हतं. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा झोपवली, तेव्हा न्हावाशेव्याचं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कचा नकाशा ठेवणारे सगळे सर्व्हर पुसले गेले. वाचला तो एकच, घानातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेली होती. ही हकिगत शेठला सांगण्यात अर्थ नाही; त्यातून तो महावितरणाचे आभार तेवढे मानील.

खरी परीक्षा पुराची. सांगलीत 2005 च्या पुराची खूण बहुतेक शेठांनी दुकानाच्या भिंतीवर जपून ठेवली होती. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा चढू लागली तेव्हा त्यांनी पोती, डबे आणि कॉम्प्युटर त्या खुणेच्या वर रचले आणि शटर ओढून घेतलं. मागच्या संकटापुरता आराखडा चोख होता. पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं, 2005 ची खूण खाली राहिली आणि हरभट रोडपासून मारुती चौकापर्यंत होड्या फिरल्या. पाणी ओसरल्यावर शेठने पहिल्यांदा गल्ला उघडला. लाल दोऱ्याचा रंग गेला होता. पेनड्राइव्ह वाळवला तर एक वेळ चालतो. हार्ड डिस्कचं तसं नसतं. ओली डिस्क चालू न करता जशीच्या तशी डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावी असं जाणकार सांगतात, कारण आतल्या तबकड्यांवर गाळ असताना ती फिरवली की उरलेलंही खरवडून निघतं. शेठने ती मिरच्यांशेजारी उन्हात ठेवली, चार दिवसांनी लावली आणि तिचा आवाज ऐकून सगळे लांब सरकले.

यानंतर जे होतं त्याला शास्त्रात ‘पुनर्प्राप्ती’ म्हणतात आणि बाजारात ‘जुळवाजुळव’. सीएकडे गेल्या मार्चपर्यंतचा डेटा निघतो. बँकेचे उतारे निघतात. जीएसटीच्या पोर्टलवर खरेदीची बिलं पुरवठादारांनीच चढवलेली असतात. नोंदणीकृत गिऱ्हाइकांना केलेली विक्री जीएसटीआर-1 मध्ये बिलवार असते, पण किरकोळ विक्रीची तिथे नुसती बेरीज. बाकीचं माणसांच्या स्मरणावर सोडावं लागतं, आणि हे स्मरण मोठं चमत्कारिक असतं. शेठ ज्यांचं देणं लागतो त्या सगळ्यांचे खाते उतारे आठवड्यात येऊन पडतात, पैशासुद्धा बरोबर, सोबत ‘पुरात आपलं फार नुकसान झाल्याचे कळले’ अशी ओळ. जे शेठचं देणं लागतात त्यांना मात्र काही आठवत नाही. ‘‘आमचं दिवाळीतच मिटलं की, शेठ!’’ खिशातली डायरी त्या दिवशी सदऱ्यातच राहिल्यामुळे वाचलेली असते, आणि सगळ्या आराखड्यातला नियमाप्रमाणे दुसऱ्या जागी असलेला बॅकअप तेवढाच ठरतो.

विम्याचा सर्व्हेअर आला की आणखी एक गोष्ट बाहेर पडते. तो स्टॉकचा आकडा मागतो. कॅश क्रेडिटसाठी बँकेला दर महिन्याला दिलेल्या स्टेटमेंटमध्ये माल भरपूर असतो, सीएला दिलेल्या आकड्यात बेताचा आणि खरा किती तो टॅलीत होता. प्रती तीन असतात. मात्र तिन्ही वेगवेगळ्या.

पुरानंतरचे दोन-तीन महिने शेठ कडवा शिस्तीचा होतो. एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क येते, कॉम्प्युटर माळ्यावर चढतो, मॅडमना रोज बॅकअपची वेळ वहीत लिहायला लावली जाते. हार्ड डिस्क तिच्या खोक्यात, थर्माकोलसकट, कॉम्प्युटरच्या शेजारीच ठेवली जाते. वहीतल्या नोंदी कार्तिकी एकादशीपर्यंत नीट चालतात, पुढे मॅडम आठवड्याच्या वेळा शनिवारी एकदम लिहितात. जगात 31 मार्च हा दिवस 2011 पासून बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. ज्याने ही तारीख ठरवली त्याने भारतातलं वर्षअखेरचं क्लोजिंग पाहिलेलं नसावं. त्या दिवशी शेठच्या दुकानात पाणी प्यायलाही कुणी उठत नाही.

यथावकाश मुलगा धंद्यात येतो. तो पुण्याहून बीबीए करून आलेला असतो आणि पेनड्राइव्ह हा शब्द ऐकून हसतो. दुकानाचं टॅलीचं फोल्डर तो गुगल ड्राइव्हला जोडतो. ‘‘आता बघायला नको, पप्पा, ते ऑटो आहे.’’ इथून शेठच्या जमातीची दुसरी पिढी सुरू होते. जोडणी म्हणजे बॅकअप नव्हे. दुकानात फाइल बिघडली की ढगातलीही पाठोपाठ बिघडते आणि पुसलेली फाइल तिथल्या कचराकुंडीत फार तर 30 दिवस राहते, हे त्याने वाचलेलं नसतं. शिवाय फुकटची 15 जीबी जागा त्याच खात्यावरच्या लग्नाच्या व्हिडिओंनी गणपतीतच भरलेली असते, आणि तेव्हापासून वर काहीच चढलेलं नसतं. जागा संपल्याचे इशारे दुकानाच्या मेलवर नेमाने येतात. तो मेल कधीकाळी मोबाइलच्या दुकानातल्या पोराने उघडून दिला होता आणि पासवर्ड बिलामागे लिहून दिला होता. ते बिल पुरात गेलं.