राऊटरनाना

तळवली गावठाणात नेट बंद पडलं की कंपनीला फोन जाण्याआधी नानांना हाक जाते. वास्तविक देशभर नेट पुरवणाऱ्या जिओचा कारभार जिथून चालतो ते रिलायन्स कॉर्पोरेट पार्क शेजारीच, घणसोलीत. पण आमच्या गल्लीपुरता शेवटचा शब्द नानांचा. खालून एखादी आजी ओरडते, "नाना, नेट जेला!" आणि नाना बनियनवर शर्ट चढवून, खिशाला टेस्टर अडकवून जिना उतरतात. असे नाना गोठिवलीत आहेत, राबाड्यात आहेत, तुमच्याही गल्लीत असतील. आमचे जरा जास्त आहेत एवढंच.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात त्यांनी इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यावर नेटकडे वळले. 1995 साली 15 ऑगस्टलाच विदेश संचार निगमनं सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं, ही माहिती ते दरवर्षी झेंडावंदनानंतर, जिलेबी वाटायच्या आधी देतात. एमटीएनएलच्या तांब्याच्या तारेवर फोन आणि नेट एकत्र यायचं, तेव्हाचे स्प्लिटर त्यांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेत. आता ते कशालाच लागत नाहीत. "असू दे," म्हणतात.

नानांचा सिद्धांत एकच: मॉडेम आणि राऊटर एका डब्यात घेऊ नये. गंमत अशी की त्यांच्या चार मजली घरात चार भाऊ राहतात आणि स्वयंपाक आजही तळमजल्यावर एकत्र होतो. घरात वेगळ्या चुलीचा विषय निघाला तर नाना ताटावरून उठतात. पण मॉडेम-राऊटर एकत्र नांदताना त्यांना बघवत नाही. कुणी नुसतं मॉडेम म्हटलं तरी दुरुस्ती होते. "फायबरला मॉडेम नसतो, ओएनटी असतो. तुम्ही म्हणा मॉडेम, चालेल."

त्यांचं म्हणणं खोटं नाही, हीच अडचण. गावठाणातली घरं एकमेकांना इतकी खेटून की फायबर जिथून घुसेल तिथून घ्यावी लागते, आणि ती बहुधा मागच्या बाजूनं मोरीच्या खिडकीतून घुसते. काचेची ती बारीक तार जास्त वाकवता येत नाही. मग कंपनीचा पोरगा टू-इन-वन डबा तिथंच माळ्याखाली ठोकून जातो. परिणाम असा की वायफायच्या सगळ्या कांड्या मोरीत, आणि हॉलमध्ये सासूबाईंची मालिका गोल गोल फिरत बसलेली. नाना म्हणतात, ओएनटी राहू दे मोरीपाशी, तिथून एक लॅनची वायर घराच्या मधोमध आणा आणि तिथं आपला राऊटर लावा. शिवाय कंपनी बदलली की तिचा डबा परत जातो आणि टीव्हीपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळे नव्यानं पासवर्ड मागतात. राऊटर आपला असला की नाव तेच, पासवर्ड तोच.

मग ते मोबाइल काढून आसपासच्या वायफायची यादी दाखवतात. 'आई एकवीरा', 'गावदेवी कृपा', 'पासवर्ड मागू नये', 'पासवर्ड मागू नये 2'. "बघ, सगळी गल्ली 2.4 गिगाहर्ट्झवर. एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. पाच गिगाहर्ट्झ जोरात पळतो, पण दोन भिंती आणि मध्ये लोखंडी कपाट आलं की संपला." एवढं ऐकल्यावर माणूस राऊटर विकत घेतोच.

खरं नाट्य त्यानंतर. कंपनीच्या डब्यातही राऊटर असतोच, त्याला गप्प बसवायला डबा ब्रिज मोडवर टाकावा लागतो. ते राहिलं तर दोन राऊटर एका घरात कारभार करतात, आणि गेम खेळणारा नातू बोंब मारतो. ब्रिज मोड केला की राऊटरमध्ये कंपनीचं यूजरनेम-पासवर्ड घालावं लागतं. ती चिठ्ठी देवघरात गणपतीच्या मागे असते, आणि तिच्यावर तेल सांडलेलं असतं. एकाचे दोन अ‍ॅडॉप्टर होतात. लाईट गेली की छोट्या यूपीएसवर फक्त राऊटर चालतो, कारण दुसरी पिन बसत नाही. वायफायच्या कांड्या पूर्ण, नेट शून्य. तक्रार केली तर कंपनीचा माणूस म्हणतो राऊटर तुमचा, दुकानदार म्हणतो लाइन त्यांची. नाना दोघांचंही शांतपणे ऐकून घेतात. अशा वेळी त्यांचा चेहरा उजळलेला असतो.

माझ्या मते चार मजली घराला, जाड भिंतींना नानांचा सल्ला मानावा. पण गावठाणात भाड्यानं राहणाऱ्या पोरांच्या वन आरकेत एकच डबा पुरून उरतो. मोरी, किचन आणि झोपायची जागा हे सगळं तिथं दहा पावलांत संपतं. तरी नाना टेप घेऊन त्या खोलीचाही मध्य काढतात. गेल्या वेळी तो गॅसच्या शेगडीवर आला.

गणपतीत त्यांच्या धाकट्या सुनेनं चौथ्या मजल्यावर स्वतःचं वेगळं कनेक्शन घेतलं. टू-इन-वन, एकच प्लग, दहा मिनिटांत चालू. नानांनी आठवडाभर त्या मजल्यावर पाऊल ठेवलं नाही. मग क्रिकेटची मॅच होती आणि खाली ओएनटी आणि राऊटर या दोघांपैकी कोण बिघडलंय हे ठरत नव्हतं. नाना वर गेले, डब्यावर हात ठेवला, म्हणाले, "फार तापतो गं हा."

"बंद करून ठेवू का थोडा वेळ?" सुनेनं विचारलं.

"आत्ता नको," नाना सोफ्यावर टेकत म्हणाले, "ओव्हर संपू दे."