मेंबर

वाईच्या गणपती आळीत संध्याकाळी "मेंबर आले" असं कुणी म्हणालं, की नवखा माणूस नगरपालिकेतलं कुणीतरी आलं समजून लगेच खड्ड्यांचा विषय काढतो. मेंबर तोही ऐकून घेतात आणि मग खिशातून प्लॅस्टिकचं कार्ड काढून दाखवतात. ते एका सुट्टी-कंपनीचे मेंबर आहेत. नोकरीत असताना पुण्याच्या मॉलमध्ये त्यांनी चिठ्ठी भरली, लकी ड्रॉ लागला, बक्षीस घ्यायला जोडीनं या म्हणून फोन आला. ते जोडीनं गेले. परत येताना हातात काचेच्या वाट्यांचा सेट होता आणि पिशवीत 25 वर्षांचा करार. वाट्यांपैकी दोन अजून शाबूत आहेत. करार पूर्णच शाबूत आहे.

टाइमशेअर म्हणजे काय, हे वाईत ज्याला कळलेलं नाही तो मेंबरांना अजून भेटला नसणार. 1960 च्या दशकात फ्रान्समधल्या आल्प्सच्या बर्फात ही शक्कल निघाली. अख्खी खोली कशाला विकत घेता, वर्षातला एक आठवडा घ्या! आपल्याकडे ती 1980 च्या दशकात आली आणि मध्यमवर्गाला एकदम पटली, कारण त्यात 'स्वतःचं' हा शब्द होता. पुढे दर वर्षी येणारं देखभालीचं बिल मात्र आपण गेलो तरी येतं, न गेलो तरी येतं. मेंबर ते भरतात आणि "प्रॉपर्टी म्हटली की घरपट्टी आलीच" असं म्हणतात.

आता हा आठवडा नेमका कुठे मिळावा? डिसेंबरात गोवा मागितला तर तो आधीच भरलेला असतो, मे महिन्यात उटी मागितली तर तिथं जागा नसते. जागा निघते ती महाबळेश्वरला, तीही जुलैत. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या गावात जुलैत जागा निघणारच. शिवाय वाईपासून महाबळेश्वर 32 किलोमीटर. वाईचा माणूस तिथं दूध घालून दुपारी जेवायला घरी येतो. पण मेंबर मोठी बॅग, छोटी बॅग, काकू आणि नातू यांच्यासह पसरणीचा घाट चढतात, तेव्हा शेजारच्यांना "व्हेकेशनला निघालो" असं सांगूनच चढतात. शेजारीण विचारते, "मग रात्री जेवायला आहात ना?"

इथवर सगळं साधं आहे. असले लोक गावोगाव सापडतील. आमच्या मेंबरांची खरी ओळख त्यांच्या सिद्धांतात आहे. ज्यानं पर्यटनाच्या धंद्यात एकरकमी पैसा ओतला, तो गिऱ्हाईक राहत नाही, तो भागीदार होतो. आणि भागीदाराला वॉटर पार्क, पाळणे, भुताचा बंगला, वेण्णा तलावातली होडी, झालंच तर स्ट्रॉबेरी-क्रीमसुद्धा सवलतीत मिळालीच पाहिजे. "मागत नाहीये मी. हक्क सांगतोय," असं म्हणताना त्यांचं एक बोट वर असतं.

या सिद्धांताला आधार अमेरिकेचा आहे. भाचा फ्लोरिडात, ऑर्लँडोला. तिकडे डिस्नेचा स्वतःचाच सुट्टी-क्लब आहे, 1991 पासूनचा, आणि त्याच्या सभासदांना पार्कच्या वार्षिक पासात सवलत मिळते. हे मेंबरांनी ऐकलं आणि ते खरंही आहे. पण भाच्यानं दुसरीही एक गोष्ट सांगितली होती, ती ते सांगत नाहीत. त्याच ऑर्लँडोत टाइमशेअर विकणारे लोक नवख्या जोडप्यांना स्वस्तात पार्कची तिकिटं देतात, अट एवढीच की दीड-दोन तास बसून आमचं भाषण ऐका. म्हणजे सवलत मिळते ती अजून न घेतलेल्याला. माझ्या मते सगळ्या व्यवहाराची मेख इथंच आहे. मुलगी बघायला आलात तर कांदेपोहे, वर खोबरं-कोथिंबीर. एकदा अक्षता पडल्या, की सकाळची शिळी पोळी गरम करून घ्या. मेंबरांच्या अक्षता केव्हाच पडून गेल्यात आणि ते अजून पोह्यांची वाट बघतायत.

सवलतींनी त्यांना तसंही फार छळलंय. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना तिकिटात सूट होती, पुरुषांना 60 व्या वर्षापासून. ती मार्च 2020 मध्ये बंद झाली. मेंबर 2021 मध्ये साठ वर्षांचे झाले. एसटीच्या अर्ध्या तिकिटाला पासष्ट लागतात, त्याला अजून थोडा अवकाश आहे. आणि 2023 पासून काकू मात्र, केवळ बाई आहेत म्हणून, वाई-पाचगणी अर्ध्या तिकिटात जातात. "काही न करता!" असं मेंबर म्हणतात. काकू म्हणतात, "तुमच्याशी संसार केला, ते काहीच नाही का?"

गेल्या पावसाळ्यात मीही त्यांच्या गाडीत होतो. महाबळेश्वरच्या नाक्यावर प्रवासी कराची पावती फाडायला पोरगा आला, तेव्हा मेंबरांनी काच दोन बोटं खाली केली. "नंबर बघ. एमएच अकरा. वाईचे आहोत आम्ही. आम्हाला कसला कर लावतोस? आम्ही काय पाहुणे आहोत?" पोरानं पावसात वाद नको म्हणून हात केला. तिथून पुढं चार किलोमीटरही गेलो नसू, रिसॉर्टच्या काउंटरवर हेच मेंबर "आम्ही टुरिस्ट लोक" अशी सुरुवात करून वेलकम ड्रिंक का नाही, हे विचारत होते.

दुसऱ्या दिवशी पाचगणीच्या वाटेवरच्या एका वॉटर पार्कवर गेलो. आभाळातून फुकट कोसळत असताना पाण्यासाठी तिकीट काढायचं, हे काही मला पटलेलं नव्हतं, पण नातवानं सकाळपासून भोकाड पसरलं होतं. खिडकीत विशीतला मुलगा, कानात इअरफोन. मेंबरांनी कार्ड काचेला टेकवलं.

"मेंबर आहे."

"कशाचे?"

मेंबरांनी कंपनीचं नाव सांगितलं. मुलगा म्हणाला, "ती आमची नाही, काका."

"तुमची नाही हे मलाही कळतं. पण धंदा एकच ना? आज मंगळवार. तुझ्या घसरगुंड्या रिकाम्या आहेत. पंप चालू, जीवरक्षक पगारावर. मी आत आलो काय, न आलो काय, तुझ्या मालकाचा खर्च तोच. मग माझ्याकडून कमी घेतले तर त्याचं काय गेलं?"

मला कबूल करायला पाहिजे, मुद्दा बिनतोड होता. असल्या पार्कांचा सगळा हिशोबच त्यावर चालतो. म्हणून तर शाळांच्या सहलींना वेगळा दर असतो आणि आडवारी वेगळा. मुलानंही मान डोलावली. "बरोबर आहे काका. म्हणून तर मंगळवारी सगळ्यांनाच कमी आहे." त्यानं मागच्या फलकाकडे अंगठा दाखवला.

मेंबरांचा चेहरा पडला. "सगळ्यांना?"

"हो, सगळ्यांना."

"सगळ्यांना मिळतं ते डिस्काउंट कसलं रे? ते तर रेट झालं!"

मुलगा पोटात माया असणारा निघाला. त्यानं इअरफोन काढला. "काका, कुठले तुम्ही?"

"वाईचे."

"आवो मग आधी सांगायचं! माझ्या मामाचं गाव पसरणी. इकडच्या भागातल्या माणसाला अजून पन्नास रुपये कमी करतो आम्ही. आधार कार्ड दाखवा, झालं."

मला वाटलं, सुटलो. पण मेंबर ताठ झाले. काल नाक्यावर जो वाईकर काचेतून बोट नाचवत होता, तो आज कुठं गेला कोण जाणे. "स्थानिक म्हणून नको," ते म्हणाले. "मेंबर म्हणून दे. पन्नास नको, वीसच दे. पण पावतीवर तसं लिही."

"पावती मशीनमधून येते काका, त्यात तसं बटण नाही."

"मग मॅनेजरला बोलाव."

मॅनेजर जेवायला गेला होता. मेंबर म्हणाले, थांबतो. आम्ही पत्र्याखाली थांबलो. मागच्या रांगेतली कोल्हापूरची मंडळी तिकिटं काढून आत गेली. मेंबर मला हळू आवाजात भागीदारीचा सिद्धांत पुन्हा पहिल्यापासून समजावू लागले. मध्येच त्यांच्या लक्षात आलं, की काकू आणि नातू दिसत नाहीत. फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तर मागे नातवाच्या किंकाळ्या आणि पाण्याचा धबधबा.

"अगं, कुठं आहेस?"

"आत. मघाशीच आलो. त्या पोरानं आधार बघितलं आणि पन्नास-पन्नास कमी केले. तुम्ही या सावकाश. आणि हो, येताना तुमच्या त्या मेंबरशिपच्या पिशवीतला टॉवेल तेवढा आणा."