कळवण्यात येते की

पुण्याच्या कडेला, जिथे शहर संपतं असं अजून एकाही बिल्डरला वाटलेलं नाही, तिथे आमचं ज्येष्ठ नागरिकांचं संकुल आहे. माहितीपत्रकात चोवीस तास पाणी, चोवीस तास रुग्णवाहिका आणि निवांतपणा अशा तीन सोयी छापल्या होत्या. प्रत्यक्षात चोवीस तास मिळते ती बातमी. तिचा माहितीपत्रकात उल्लेख नव्हता, त्यामुळे तिचे वेगळे पैसे लावलेले नाहीत, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

अधिकृत बातमी फळ्यावर येते. तो लिहिण्याचं काम एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आपणहून अंगावर घेतलं आहे. अक्षर वळणदार आहे. वरचा अर्धा फळा सुविचाराला, त्याखाली वाढदिवस, आणि मग उरलेल्या चार बोटांत सूचना. ऑफिसातून आलेली सूचना गुरुजी आधी शुद्धलेखनासाठी तपासतात. आता, पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवायची जुनी चाल आहे. ऑफिस बुधवारी संध्याकाळी तसं कागदावर लिहून देतं. त्या कागदावरचे ऱ्हस्व-दीर्घ मार्गी लागून तो फळ्यावर चढतो तेव्हा गुरुवारचे दहा वाजलेले असतात आणि निम्मी इमारत अंगाला साबण लावून उभी असते.

'शुक्रवारी पाणी उशिरा व कमी दाबाने येईल' हे वाक्य त्या सूचनेत ठरलेलं. आमच्यातल्या बऱ्याच पुरुषांना ते व्यक्तिशः लागू पडतं. त्यामुळे त्यावर दर वेळी एक विनोद होतो. दर वेळी तोच होतो, तेच गृहस्थ करतात, आणि बायका दर वेळी तो न कळल्यासारखं करून उठून जातात.

विनोदांचं हे असं का, याचा मी विचार केला आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईत पाच माणसांना घेऊन पहिला हास्यक्लब काढला, तेव्हा लोक रोज एकमेकांना विनोद सांगून हसत असत. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले. उरले ते ऐकवेनात. मग त्यांनी विनोदच काढून टाकला आणि नुसतं हसायचं ठरवलं. याला मी वैज्ञानिक वृत्ती म्हणतो. आमच्याकडे हसणंही ठेवलं आहे आणि संपलेले विनोदही ठेवले आहेत. सांगण्यापूर्वी 'हा ऐकलाय का?' असं विचारण्याची सभ्यता आम्ही पाळतो. पण श्रवणयंत्र खोलीतच राहिलेलं असल्याने 'हो' हे उत्तर विचारणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

हास्यक्लब सकाळी साडेसहाला माझ्या गॅलरीखाली भरतो. बागेच्या दुसऱ्या टोकाला गॅलऱ्या नाहीत, हिरवळ आहे आणि बाकंही आहेत. पण तिथे ऊन येत नाही, असं कळलं. मी लेखी तक्रार दिली. बंद पाकिटात, व्यवस्थापकांच्या हातात. दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी गॅलरीत आलो, तर सगळा क्लब मान वर करून माझ्याकडे बघत होता. त्या दिवशी त्यांना हो-हो, हा-हा असं काही म्हणावं लागलं नाही. अगदी आतून हसले.

बंद पाकिटांचं आमच्याकडे असंच होतं. प्रयोगशाळेचा मुलगा रक्ताचे अहवाल वर आणून देत नाही, फाटकावरच्या चौकीत ठेवून जातो. मागच्या खेपेला मी फाटकाशी पोचायच्या आत रखवालदार म्हणाला, "काका, तीन महिन्यांची साखर ७.४ आलीये. गेल्या वेळी ६.९ होती." रखवालदार नम्र आहे, आकडे पक्के लक्षात ठेवतो; आमच्या हिशेब खात्यात असा एकही कारकून मला मिळाला नव्हता. दुपारी भोजनगृहात गेलो, तर गुलाबजामचं पातेलं माझ्या समोरून थेट पुढच्या टेबलावर गेलं. वाढणाऱ्या मावशींनी माझ्या ताटात काकडी ठेवली आणि सहानुभूतीने पाहिलं. काकडीला माझी ना नाही. पण अहवालावर 'गोपनीय' असा शिक्का होता.

तोंडी बातमी मजल्यामजल्याला वयात येत जाते. जिन्यातली एक टाईल निखळली. तिसऱ्या मजल्यावर ती टाईलच होती. पहिल्या मजल्यावर आली तोवर तिची टाच झाली होती, आणि वाचनालयात ती टाच माझ्या बायकोची असल्याचं नक्की झालं. तिथे बसणाऱ्या एका बाईंची सून न्यू जर्सीत आमच्या मुलाच्या शेजारी राहते. तिथे संध्याकाळचे साडेसात म्हणजे इथे पहाटेचे पाच. पहाटे पाचला मुलाचा फोन: "बाबा, आई पडली आणि तुम्ही कळवलंही नाही?" फोन घ्यायला बायको अंधारात धडपडत उठली आणि तिचा अंगठा कॉटच्या पायावर आपटला. नाश्त्याच्या वेळी ती जरा लंगडत आली, तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. टाईल अजून तशीच आहे. तिची सूचना ऑफिसने दिली आहे, शुद्धलेखन चालू आहे.

आमचा खरा हंगाम मात्र नोव्हेंबर. पेन्शन चालू राहायची तर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ८० ओलांडलेल्या पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. ही सवलत द्यायला कुणाच्या मनात काय हिशेब आला असेल, त्याबद्दल मी बोलत नाही. पूर्वी बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहिलं की काम होई. २०१४ पासून हे डिजिटल झालं. सभागृहात एक टेबल लागतं, एक तरुण यंत्र घेऊन बसतो, आणि आम्ही रांगेत उभे राहून अंगठा देतो. पण जन्मभर भांडी घासून, खडू धरून, नोटा मोजून बोटांच्या रेघा पुसट झालेल्या असतात. यंत्र म्हणतं, जुळत नाही. मग चेहरा. मोबाइलपुढे बसायचं आणि त्याने सांगितलं की डोळ्यांची उघडझाप करायची. आमच्यातले काहीजण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या भीतीने उघडझाप जपून करतात. त्यांचं अस्तित्व रखडतं.

गेल्या वर्षी सी विंगमधले एक निवृत्त तहसीलदार तिन्ही प्रयत्नांत जुळले नाहीत. "तहसीलदारांचं काही झालं नाही," असं कुणीतरी रांगेतून मागे सांगितलं. रांगेच्या टोकाला ते "तहसीलदारांचं काही खरं नाही" झालं. दुपारी एकपर्यंत भोजन समितीने संध्याकाळची पावभाजी रद्द करून पिठलं-भात ठेवला होता. बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी तहसीलदारांकडून नेलेली शिडी दोन वर्षांनी परत आणून दारात ठेवली. चारच्या चहाला तहसीलदार स्वतः आले. आल्याचा चहा मागितला. लोकांना आनंद झाला असावा; पण पावभाजी गेल्याचं दुःख ताजं होतं, त्यामुळे तो नीट व्यक्त झाला नाही. शिडी तेवढी बाईंनी पुन्हा नेली.

वर्तमानपत्रांबद्दल थोडक्यात. वाचनालयात चार येतात. पहिलं पान कुणी वाचत नाही. निधनवार्तांचं पान सहा वाजताच निघून जातं आणि नाश्त्यानंतर परत येतं. शब्दकोडं पेनाने सोडवलेलं असतं. चुकीचं. आडव्या शब्दांत जागा उरली म्हणून स्वतःच्या पदरची अक्षरं घातलेली असतात. हे कोण करतं ते सगळ्यांना माहीत आहे आणि याच एका बाबतीत इथे कमालीची गुप्तता पाळली जाते, कारण ते समितीचे अध्यक्ष आहेत.

१ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला दर वर्षी एक पन्नाशीचे तरुण पाहुणे येऊन आम्हाला अनुभवाचे भांडार म्हणतात. त्या भांडाराला प्रत्येकी एक केळं मिळतं.

राहिली रेल्वेची बातमी. ६० वरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वरच्या बायकांना ५० टक्के अशी सवलत तिकिटात होती, ती मार्च २०२० मध्ये करोनाच्या निमित्ताने थांबली. करोना गेला, सवलत आली नाही. एसटीने मात्र २०२२ पासून ७५ वरच्यांना फुकट न्यायला सुरुवात केली, त्यामुळे आमच्यातले ७५ पूर्ण केलेले लोक राज्यभर हिंडून येतात आणि कोणत्या स्थानकातलं स्वच्छतागृह कसं आहे याचा वृत्तांत ऐन जेवणात देतात. तर रेल्वेची सवलत पुन्हा सुरू होणार, ही बातमी ए विंगमधले एक गृहस्थ दर महिन्याला आणतात. त्यांचा पुतण्या रेल्वेत आहे. या महिन्यात त्यांनी तारीखही सांगितली: पंधरा. लगेच चार जोडप्यांनी काशीचा बेत पंधरानंतर ढकलला. पुतण्या रेल्वेत नाही, रेल्वे स्टेशनासमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, ही माहिती खुद्द त्यांच्या बायकोने भोजनगृहात सर्वांदेखत दिलेली आहे. त्याने काही फरक पडत नाही. खिडकीवर विचारलं तर तिथला माणूस तारीख सांगत नाही. पुतण्या निदान सांगतो. मी सोळाचं विचारून ठेवलं आहे.