बंदा रुपया

मुलींनी शाळा बुडवू नये म्हणून आपलं सरकार त्यांना भत्ता देतं. ऐकून ऊर भरून आला असेल तर आकडाही ऐका. दिवसाला एक रुपया. मुलगी पहिली ते चौथीत हवी, घर दारिद्र्यरेषेखालचं हवं, जातीचा दाखला हवा आणि हजेरी 75 टक्के हवी. मग वर्षाला जास्तीत जास्त 220 दिवसांचे 220 रुपये. योजना 1992 ची. तीस वर्षं उलटून गेली तरी रुपयाचा सव्वा रुपया काही झाला नाही.

हा रुपया ठरला कसा असेल? बैठकीत कोणीतरी ‘बारा आणे पुरेत’ म्हणालं असणार, आणि दुसऱ्या कोणीतरी मन मोठं केलं असणार.

पुण्याच्या जनता वसाहतीतली आई सकाळी सहकारनगरात धुण्याभांड्याला जाते. थोरली शाळेत गेली तर धाकट्याला बघायचं कोणी? त्याच सहकारनगरात पाळणाघराची फी विचारून बघा. आपल्या हिशेबात त्या कामाचा दर एक रुपया.

बरं, रुपया हातात आला असं धरू. झेरॉक्सवाला एका पानाचे दोन घेतो, म्हणजे दाखल्याच्या एका प्रतीसाठी दोन दिवस शाळा. शहर बसचं किमान तिकीट 2025 च्या जूनपासून दहा रुपये झालं. दहा दिवस हजर राहिलं की एकदा बसमधून जाता येईल, परत चालत. आणि रुपयाचं नाणं पाडायलाच 1 रुपया 11 पैसे लागतात, असं 2018 मध्ये माहिती अधिकारात उघड झालं होतं. पोरीने रोज नवं कोरं नाणं मागितलं तर वर्षाला 24 रुपये 20 पैशांचा वरखर्च! तिने दांडी मारली तर तेवढीच देशाची बचत. शिवाय हा रुपया द्यायचा म्हणजे बाईंनी यादी करायची, दाखले तपासायचे, महिन्याची हजेरी काढायची, तक्ता वर पाठवायचा, त्रुटी निघाली की पुन्हा पाठवायचा. त्या वेळात वर्गाला कोण शिकवतं, हे विचारू नका. तक्त्यात तो रकाना नाही.

आता चिडून बोलतो. हा तक्ता तपासणाऱ्या साहेबांनाही भत्ता असतो. महागाईचा. तो जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो, त्याला निर्देशांक असतो, सूत्र असतं, उशीर झाला तर थकबाकी असते. महागाई काय फक्त साहेबांच्याच घरी जेवायला येते? खुर्चीला जॅकेट अडकवून अमृततुल्यात बसलेल्या माणसाला 75 टक्क्यांची अट कोणी घालत नाही. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ एवढं पुरतं. सात वर्षांच्या पोरीची मात्र एक-एक हजेरी मोजायची! लाज वाटावी असा हिशेब आहे हा, आणि तो करणाऱ्यांचा पगार आपण भरतो.

चौथीच्या गणितात एक उदाहरण घालायला हरकत नाही. शाळा 220 दिवस, अट 75 टक्के, भत्ता रोज एक रुपया. मुलगी 164 दिवस आली आणि अट पुरी व्हायच्या नेमक्या दिवशी धाकट्याच्या तापापायी घरी राहिली, तर तिला किती रुपये मिळतील? पर्याय चार द्या. 164 हा पर्याय नक्की ठेवा, हुशार पोरं त्यालाच फसतील.