कार्पेट एरिया

सातव्या महिन्यात घरं बघत हिंडू नये, असं आईचं ठाम मत. लालबागच्या आमच्या दहा बाय सोळाच्या खोलीत पाळणा कुठे टांगायचा, यावर मात्र तिचं काहीच मत नव्हतं. म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दोघं ठाण्याला निघालो. खिशात पाच मीटरची टेप.

करी रोडला बायको दिव्यांगांच्या डब्यात चढली. गरोदर बायकांना तिथे मुभा असते. मी पलीकडच्या डब्यात लोंबकळत. ठाण्याला उतरली तेव्हा तिच्याजवळ बाळंतविड्याची अख्खी यादी होती आणि ‘घोडबंदर रोडला अजिबात घेऊ नका’ हा सल्ला.

पहिला फ्लॅट घोडबंदर रोडलाच होता. ‘स्टेशनपासून पंधरा मिनिटं.’ एजंटाने ती पहाटे तीनला मोजली असावीत. आम्हाला पन्नास लागली.

सॅम्पल फ्लॅट हे एक प्रकरणच असतं. दारं बसवलेलीच नव्हती, बाथरूमलासुद्धा. भिंतभर आरसे. पलंगावर आडवा झालो तर पावलं बाहेर. “सर, तो डिस्प्लेचा बेड आहे,” एजंट म्हणाला. मी टेप काढली. रेराचा अभ्यास करूनच गेलो होतो: कार्पेट एरियात आतल्या भिंतींची जाडी धरायची, बाहेरच्या भिंती सोडायच्या, बाल्कनी मोजायची नाही. बेरीज करतोय तोच बेडरूममधून हाक आली, “अरे, मी अडकले!”

पलंग आणि कपाट यांच्या मधल्या फटीत ती उभी होती. जागा अरुंद दिसली की माणूस अंग चोरून तिरका होतो, तीही झाली. सवय अजून जुन्या मापाची. सरळ चालत गेली असती तर आरामात पार झाली असती. मी पलंग ओढायला गेलो, तर तो जमिनीला ठोकलेला. शेवटी ती हळूहळू सरळ वळली आणि निघाली. एजंट म्हणाला, “वहिनी, हे टेम्पररी आहे ना!” पलंगाबद्दल म्हणाला की पोटाबद्दल, कळलं नाही.

त्यानंतर टेप खिशातच राहिली. दुसऱ्या घरी ओटा आणि फ्रिज यांच्या मधून बायको गेली नाही, घर बाद.

तिसरं घर नौपाड्यात, जुन्या इमारतीत, दोन जिने चढून. दार उघडलेल्या आजींनी आम्हाला बघितलंच नाही, फक्त पोट बघितलं. “कितवा गं?” “सातवा.” “मग आधी बस.” पन्हं आलं, पंखा वाढला. घर दाखवलं तेही बाल्कनीपासून. “दोरी इथे बांध. तुझं बाळ म्हणजे ऐन पावसात येणार. लंगोट कुठे वाळत नाहीत, इथे वाळतात. वारा असतो.” किंमत ऐकल्यावर मात्र आमचा वारा थांबला. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, असं मी धीर द्यायला म्हणालो. “घे माझ्या नावावर,” बायको म्हणाली, “तुला भाड्याने ठेवीन.”

दुपारी मामलेदार कचेरीशेजारची मिसळ. 1946 पासून ती लोकांना रडवते आहे. डॉक्टरांनी बायकोचं तिखट बंद केलंय, त्यामुळे तिच्यासमोर मी एकट्याने खाल्ली. माझ्या डोळ्यांत आलेलं पाणी तिला पश्चात्तापाचं वाटलं. मीही खुलासा केला नाही.

ऊन कलल्यावर तलावपाळीला आलो. तिला मासुंद्यात बोटीत बसायचं होतं, पण लाइफ जॅकेटचा पट्टा काही केल्या लागेना. बोटवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि न बोलता जॅकेट परत घेतलं. मग काठावरच बसलो. समोर गडकरी रंगायतन, हातात तिखट न घातलेली, नुसतं मीठ लावलेली कैरी. घरांचा विषय दोघांनीही काढला नाही.

मग तिने माझ्या खिशातून टेप ओढली, पोटाभोवती गुंडाळली आणि आकडा वाचायला मला वाकवलं.

“अडतीस इंच,” मी म्हणालो. “कार्पेट?”

“छे,” ती म्हणाली, “बाल्कनी धरून.”