दुसऱ्या हातातली पहिली गाडी

जुनी मोटार विकत घेऊन ती घरच्या घरी नवी करणारा गृहस्थ साधारण चाळिशीतला असतो आणि पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत निदान एक तरी सापडतो. रविवारी सकाळी सातला पार्किंगमध्ये पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला दिसला, की तोच ओळखावा. गाडी बहुधा दहा वर्षे जुनी वॅगन आर असते. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, त्यामुळे ही गाडी माणसाच्या हिशेबाने निवृत्तीला टेकलेली. पण तो तिला न्हाऊमाखू घालतो ते बारशाच्या बेताने. भेटेल त्याला तो तीन गोष्टी सांगतो: सिंगल ओनर आहे, डॉक्टरांची होती, घर ते क्लिनिक एवढीच फिरलीय. जुन्या बाजारातल्या इतक्या गाड्या डॉक्टरांच्या निघतात, की ही मंडळी पेशंट कधी तपासतात असा प्रश्न पडावा.

कामाची सुरुवात आतून होते. मॅट काढून झटकणे, सीट पुढे-मागे सरकवून रुळांत अडकलेला ऐवज बाहेर काढणे, हा खरे तर उत्खननाचा भाग. वरच्या थरात पार्किंगच्या पावत्या आणि शेंगदाण्याची टरफले मिळतात, मधल्या थरात चिक्कीचा कागद, हेअरपिन आणि लहान मुलाचा एक मोजा. तळाशी वाळू लागते. वाळूत शिंपल्याचे तुकडे असतात, त्यावरून डॉक्टरांच्या घर ते क्लिनिक या रस्त्यात समुद्र लागत असावा, असे निष्पन्न होते. गृहस्थ वाळू मुकाट्याने सुपलीत भरतो आणि हा शोध घरात जाहीर करत नाही.

पुढचा टप्पा धुण्याचा. त्याने मोबाइलवर इतके व्हिडिओ पाहिलेले असतात, की दोन बादल्यांशिवाय तो गाडीला हात लावत नाही. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत फडके खळबळायचे साधे पाणी. यात तथ्य आहे. रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाच्या जवळपास निम्मा असतो. एकाच बादलीत फडके बुडवत राहिले, की त्यातली बारीक कच त्या थरावर फिरते आणि उन्हात बॉनेटवर कोळ्याचे जाळे विणल्यासारखे ओरखडे दिसतात. भांड्यांचा साबणही वर्ज्य, कारण तो मळाबरोबर वॅक्सही धुऊन नेतो. धुणे सावलीत आणि पुसणे ताबडतोब. बोअरच्या पाण्याचे थेंब उन्हात वाळले, तर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात. हे सगळे तो वॉचमनला समजावून सांगतो. वॉचमन शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि विचारतो, “साहेब, केवढ्याला पडली?”

फडक्यांबाबत तो विशेष हळवा असतो. विकत आणलेली मायक्रोफायबरची फडकी घडी घालून कपाटात राहतात आणि गाडी पुसली जाते ती जुन्या बनियनने. अलीकडे घरातल्या बनियनांची निवृत्ती भोके पडण्याआधीच होऊ लागलेली असते. याच सुमारास वरच्या गॅलरीतून आवाज येतो, “अहो, हॉलमधला पंखा दिवाळीपासून तसाच आहे.” गाडीखाली डोके असल्यामुळे हे वाक्य त्याला ऐकू येत नाही.

पिवळे पडलेले हेडलाइट हा स्वतंत्र अध्याय आहे. काच म्हणून ज्याला सगळे ओळखतात ते पॉलिकार्बोनेट असते. वरचा संरक्षक लेप उन्हाने झिजला, की ते धुरकटते. टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असल्याने ती चोळली की दिवे उजळतात. लेप मात्र परत येत नाही, त्यामुळे काही महिन्यांत दिवे पुन्हा पिवळे पडतात आणि घरातली ट्यूब पुन्हा मुळापासून पिळलेली सापडते. डॅशबोर्डला तो चकाकणारे पॉलिश लावतो. ते स्टिअरिंगला आणि पेडलला लावायचे नसते, हे पहिल्याच वळणावर हात घसरला की समजते.

डिकीवरच्या स्टिकरपाशी मात्र त्याची विद्या थिटी पडते. आधीच्या मालकाने लेकीचे नाव ‘सई’ असे ठसठशीत लावलेले असते. केस वाळवायच्या ड्रायरने ऊब दिली, की डिंक सैल होऊन अक्षरे अलगद सुटतात. पण भोवतालचा रंग दहा वर्षे उन्हात विटलेला आणि अक्षरांखालचा नवाकोरा, त्यामुळे स्टिकर जातो आणि सई राहते. पॉलिशचे तीन हात झाले तरी तिरप्या उन्हात ती दिसतेच. स्वतःच्या मुलीने “बाबा, सई कोण?” असे शेजाऱ्यांदेखत विचारले, की तो वॅक्सची डबी शोधू लागतो.

पार्किंगमधल्या जांभळाला फळे धरली, की सगळ्या मेहनतीवर जांभळा सडा पडतो. पहिल्या मोठ्या पावसात पुढच्या सीटखाली तळे साचते, कारण वायपरखालच्या जाळीत पाने अडकून पाणी जायची वाट बुजलेली असते. चकाकणाऱ्या भागांच्या नादात ही जागा साफ करायची राहून गेलेली असते.

चार वर्षांनी तो गाडी विकायला काढतो. शेवटची धुलाई होते. रुळांत त्याच्याच घरचे कुरमुरे आणि मुलीची रबरबँड राहून जातात. ती पुढच्या उत्खननासाठी. नव्या गिऱ्हाइकाला तो सांगतो, “डॉक्टरांकडून घेतलीय. फिरलेली तर नाहीच.” आणि एवढ्या एका बाबतीत तो डॉक्टरांपेक्षा खरा असतो. त्याचे सगळे रविवार गाडी धुण्यातच गेलेले असतात.